पंधरा एचपीचा पंप घेण्याआधी

पारोळा तालुक्यातल्या एका गावच्या सरपंचताईंचा प्रश्न थोडक्यात असा: गावात ६०० घरं, लोकसंख्या ३,०००. घरोघरी नळ आहे. शिवारातल्या ८ मीटर व्यासाच्या विहिरीवर १० एचपीची मोटार, तिथून टाकीपर्यंत १,८०० मीटर ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आणि १ लाख लिटरची उंच टाकी. तरी पाणी पाचव्या दिवशी येतं. वर्षभरात मोटार तीनदा जळाली, वीजबिल थकलं, पाणीपट्टी निम्मीही येत नाही. सदस्यांचं म्हणणं, १५ एचपीचा पंप घेऊ म्हणजे प्रश्न मिटेल. काय करावं?

ताई, पंप घेऊ नका. निदान आत्ता नको.

आधी साधा हिशोब करू. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर. ३,००० माणसांना १,६५,००० लिटर. गळतीसाठी वर २० टक्के धरले तर १,९८,०००, म्हणजे रोज दोन टाक्या. तुमचा १० एचपीचा पंप ठीक असेल तर या पाइपातून तासाला २५,००० लिटरच्या आसपास चढवतो. चार तासांत एक टाकी, आठ तासांत गावाची रोजची गरज पूर्ण. मग पाचवा दिवस आला कुठून? तुमच्या गावात पाच भाग आहेत आणि रोज एका भागाला पूर्ण टाकी सोडली जाते. त्या भागातल्या ६०० माणसांच्या वाट्याला एका दिवशी १६७ लिटर येतात, पण पाच दिवसांत वाटले तर माणशी ३३. याचा अर्थ पंप सरासरी दिवसाला चारच तास चालतो. पंप लहान असल्याचं यातून दिसत नाही. बाकीचे चार तास कुठे जातात, ते शोधायचं आहे.

बहुतेक ठिकाणी ते फीडरमध्ये, म्हणजे वीज आणणाऱ्या लाइनमध्ये, सापडतात. विहीर शिवारात म्हणून वीजजोडणी शेतीच्या लाइनवरून घेतलेली असते. शेतीच्या लाइनला साधारण आठ तास वीज, तीही एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात वीज येते रात्री दहा-अकराला; पाणी सोडणारा माणूस अंधारात दोन किलोमीटर जाऊन स्टार्टर दाबेल ही अपेक्षाच चुकीची आहे. त्यात रब्बीत गहू, हरभरा, केळी सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होतात. ४१५ व्होल्टच्या जागी ३४० येतात आणि मोटार ट्रिप होते. तेव्हा पहिलं काम हे, की महावितरणच्या उपविभागात लेखी अर्ज देऊन पाण्याची जोडणी गावठाणच्या (गावातल्या घरांच्या) लाइनवर घ्यायचा खर्च किती येतो त्याचं अंदाजपत्रक मागा. खांब आणि तारांचा खर्च मोठा दिसेल. तो नव्या पंपाच्या किमतीशी न ताडता तीन वेळा मोटार भरून घेण्याच्या (रिवायंडिंगच्या) खर्चाशी आणि बुडालेल्या पाणीपट्टीशी ताडून बघा.

लाइन बदलणं जमतच नसेल तर सौरपंपाचा विचार करता येतो. १० एचपीला साधारण ९ किलोवॅटचे पॅनल लागतात आणि दिवसा पाच-सहा तास चांगलं काम होतं. तेवढ्यावर दीड टाकी भरते. म्हणजे पाचव्या दिवसाऐवजी तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी. गावाचं पूर्ण समाधान होणार नाही, पण रात्रीची फेरी टळते.

आता मोटार का जळते, त्याकडे येऊ. स्टार्टरच्या डब्याचं झाकण उघडून ओव्हरलोड रिलेचा (जास्त करंट गेला की मोटार बंद करणाऱ्या यंत्राचा) काटा कुठे लावलाय ते पाहा. १० एचपीची मोटार पूर्ण भारावर साधारण १५ अँपिअर घेते. नेमका आकडा मोटारीच्या पाटीवर असतो. व्होल्टेज ३४० वर आलं की तीच मोटार १८ कडे जाते. रिले १५-१६ वर असेल तर ती बंद पडते, आणि ते बरोबरच असतं. पण रोज ट्रिप होते म्हणून कुणीतरी काटा २० वर नेऊन ठेवतो. मग ती ट्रिप होत नाही, जळते. दुसरी खोड सिंगल फेज प्रिव्हेंटरची. एक फेज गेला की मोटार बंद करणारं हे यंत्र. वायरमन म्हणतो, "हे सारखं बंद पाडतं," आणि तार थेट जोडून देतो. ग्रामपंचायतीच्या स्टार्टरमध्ये या दोन गोष्टी जागेवर आहेत की नाहीत ते आजच पाहून घ्या. रिले पाटीवरच्या आकड्यावर आणि प्रिव्हेंटर पुन्हा जोडलेला. खर्च हजार-दोन हजारांच्या आत. तिसरं कारण म्हणजे मे महिन्यात पाणी तळाला जातं आणि पंप कोरडा फिरतो. विहिरीत पाणी ठराविक पातळीखाली गेल्यावर पंप थांबवणारा गार्ड बसवून घ्या. जळालेली मोटार भरून आणली की ती पूर्वीइतकी चांगली राहत नाही, थोडी वीज जास्त खाते. तीनदा भरलेली मोटार अडचणीच्या वेळेसाठी राखीव म्हणून ठेवावी, रोजच्या कामाला लावू नये.

विहिरीचं मोजमाप पंपाच्या आधी करायला हवं. ८ मीटर व्यासाच्या विहिरीत १ मीटर पाणी म्हणजे सुमारे ५०,००० लिटर. गावाला रोज लागणारे २ लाख लिटर म्हणजे ४ मीटरचा थर. मेच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस पंप बंद केल्यावर दोरीला दगड बांधून पातळी मोजा, आणि २४ तासांनी पुन्हा मोजा. दोनच मीटर वाढलं तर विहिरीला रोजचं १ लाख लिटर पाणी येतंय. तुमच्याकडचा काळा बेसाल्ट खडक. त्यात पाणी फटींतून येतं आणि फटी जेवढ्या आहेत तेवढ्याच. १५ एचपी लावला तर विहीर लवकर रिकामी होईल, पंप कोरडा फिरेल आणि चौथी मोटार जळेल. उत्तरेला यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात तापीचा गाळ खोल आहे, तिथे कूपनलिका खोल नेण्याची सोय तरी होती. तिथेही पातळी उतरत गेलीच. बोरी, गिरणा, पांझरेच्या काठच्या गावांचं गणित वेगळं. नदीपात्रातल्या विहिरी धरणाच्या आवर्तनावर (धरणातून ठरावीक वेळी सोडलेल्या पाण्यावर) भरतात आणि वाळू उपसली की पात्र खाली जाऊन विहिरीचं पाझरणं कमी होतं. अशा गावांनी वाळूच्या लिलावाला ग्रामसभेत मान्यता देताना स्वतःच्या विहिरीपासूनचं अंतर टेपने मोजून ठरावात लिहावं. आवर्तनाची मागणी एप्रिलमध्ये टँकरची वेळ आल्यावर करून उपयोग नसतो. धरणातल्या पिण्याच्या पाण्याचं आरक्षण पावसाळा संपताच जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर ठरतं. पंचायत समितीमार्फत मागणी तेव्हाच गेलेली हवी.

मेमध्ये विहीर खरोखर कमी पडत असेल तर टंचाई आराखड्यात गावाचं नाव जानेवारीतच घाला. खाजगी विहीर अधिग्रहणाचा प्रस्ताव ग्रामपंचायतीच्या ठरावापासून सुरू होऊन गटविकास अधिकारी, तहसीलदार असा जातो आणि मध्ये संयुक्त पाहणी होते. ज्या शेतकऱ्याची विहीर घ्यायची त्याच्याशी आधी बोला. कपाशी वेचून झाल्यावर त्याला पाणी द्यायला हरकत नसते. उभी केळी असेल तर असते.

विहीर आणि वीज बघून झाल्यावर पाइप. टाकीवर एक सोपी चाचणी करता येते. टाकीचा आतला व्यास ६ मीटर असेल तर पाण्याची पातळी १० सेंटिमीटर वाढणं म्हणजे सुमारे २,८०० लिटर. टाकीतून बाहेर जाणारे सगळे व्हॉल्व्ह बंद करून एक तास पंप चालवा आणि पट्टीने मोजा. पातळी ८५ ते ९० सेंटिमीटर वाढली तर पंप आणि रायझिंग (पंपापासून टाकीपर्यंतचा पाइप) दोन्ही ठीक. ६० वाढली तर तासाला ८,००० लिटर कुठेतरी जातंय, किंवा पंप झिजलाय. दोन्हींत फरक ओळखायला पंपाजवळ दाबमापक लागतो. रायझिंग फुटली तर दाब कमी दिसतो आणि मोटारीचे अँपिअर वाढतात किंवा तेवढेच राहतात. पंप झिजला तर दाबाबरोबर बहुधा अँपिअरही उतरतात. दाबमापक नसेल तर पहाटे पाइपलाइनने चालत जा. मेच्या उन्हात रायझिंगच्या वाटेवर एखाद्या बांधाला हिरवा पट्टा दिसला की तिथे सांधा गळतोय, नाहीतर कुणी जोड मारून घेतलाय. एअर व्हॉल्व्हकडे विशेष लक्ष द्या. चढावर बसवलेला हा व्हॉल्व्ह गुरांना पाणी पाजायला ढिला करून ठेवतात. दुसरीकडे तो गंजून कायमचा बंद झाला तर पाइपात हवा अडकते, आणि पंप ठीक असूनही पाणी चढत नाही.

गावातल्या पाइपांचं दुखणं निराळं. तोट्या नसलेले नळ आणि टिल्लू पंप (नळाला थेट लावून पाणी ओढणारी छोटी मोटार). पाणी पाचव्या दिवशी येतं म्हणून लोक टिल्लू लावतात, टिल्लूमुळे शेवटच्या घराला पाणी जात नाही, म्हणून वेळ वाढवली जाते, म्हणून पाचवा दिवस. हे चक्र दंडाने तुटत नाही. पाणी दिवसाआड आणि ठरलेल्या वेळी मिळायला लागलं की दोन महिन्यांत निम्मे टिल्लू आपोआप उतरतात, कारण वीजबिल त्यांनाही येतंच. उरलेल्यांवर मग पावती फाडा. एक सोपा उपाय: पाणी सोडण्याच्या वेळी त्या भागाची वीज अर्धा तास बंद ठेवण्याची विनंती महावितरणच्या स्थानिक वायरमनला करता येते, काही गावांत तसं जमतं, सगळीकडे नाही.

आता पैसे. वर दिलेल्या पंपाला एका तासाला साधारण ७.३ युनिट लागतात. आठ तास चालला तर रोज ५८, वर्षाला २१,००० च्या वर. हजार लिटरला ०.३ युनिट. हा आकडा वहीत लिहून ठेवा, तो ०.४५ वर गेला की पंप, व्हॉल्व्ह किंवा लाइन बिघडलेली आहे. आत्ता तुमचा पंप चार तास चालतो, तेव्हा महिन्याचं बिल ८७०-९०० युनिटच्या आसपास हवं. त्यापेक्षा बरंच जास्त असेल तर बिलावर "सरासरी" किंवा मीटर नादुरुस्त असा शेरा आहे का पाहा. जोडणीचा वर्ग सार्वजनिक पाणीपुरवठा असाच लिहिलाय ना, तेही पाहा. चुकीच्या वर्गात वर्षानुवर्षं बिल भरणारी गावं आहेत.

सोयीसाठी सगळं धरून युनिटला ८ रुपये मानू. तुमचा दर बिलावरून टाका. वीज १,७०,०००. पाणी सोडणाऱ्याला महिना ८,००० म्हणजे ९६,०००. दुरुस्ती ६०,०००. टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) आणि तपासणी २०,०००. पंप बदलण्यासाठी राखीव ३०,०००. एकूण ३,७६,०००. ६०० घरांना वाटलं तर घराला वर्षाला ६२७ रुपये. वसुली ७० टक्केच होत असेल तर ८९५. ग्रामसभेत पाणीपट्टी वाढवायची असेल तर हे पाच आकडे फळ्यावर लिहून मग हात वर करायला सांगा. "शासनाच्या आदेशानुसार" म्हणून वाढ मांडली की ती पडते. पांझरा खोऱ्यातल्या फडांमध्ये, म्हणजे शेतकऱ्यांनीच चालवलेल्या पाटपाण्याच्या व्यवस्थेत, पाटकरी, जागल्या, बारेकरी ही पाणी सांभाळणारी माणसं असत आणि त्यांचा मोबदला पाणी घेणारेच देत. पाणी सोडणाऱ्या माणसाचे पैसे गावानेच द्यायचे, ही आपल्याकडे काही नवी कल्पना नाही.

वित्त आयोगाच्या निधीवर डोळा असतो, म्हणून तेवढं स्पष्ट करतो. पंधराव्या आयोगाच्या नियमांत २०२१-२२ पासून ६० टक्के निधी बंधित होता. त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित. अबंधित म्हणजे वाटेल तो खर्च नव्हे, पगार आणि आस्थापना खर्च त्यातून चालत नाही. दुरुस्तीचं काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात नसेल तर ई-ग्रामस्वराजवर (ग्रामपंचायतीच्या कामांच्या आणि खर्चाच्या सरकारी पोर्टलवर) त्याचं पेमेंटच तयार होत नाही. म्हणून आराखडा करताना "पाणीपुरवठा योजना देखभाल-दुरुस्ती" असं एक काम दरवर्षी घालाच, मोटार जळायची वाट न बघता. तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, काम, मोजमाप पुस्तिकेत नोंद, मग पेमेंट, हा क्रम सुटला की लेखापरीक्षणात आक्षेप येतो आणि तो सरपंच बदलला तरी पाठ सोडत नाही. डिजिटल सहीचं टोकन कधी संपतं ती तारीख भिंतीवर लिहा. सरपंच किंवा ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) बदलला की नवी सही नोंदवायला आठवडे जातात, तेवढ्यात दुकानदार उधारी बंद करतो. एका अधिकाऱ्याकडे दोन-तीन गावं असतील तर तुमच्या गावचा वार ठरवून घ्या आणि त्या दिवशी फक्त सह्या आणि पाणीपट्टीचं काम ठेवा.

वसुलीत नमुना ८ (कर आकारणीची नोंदवही) आणि नमुना ९ (कर मागणीची नोंदवही) जुळवणं हे पहिलं काम. कर आकारणीत ६०० घरं, मागणीत ५२० आणि नळ ६४०, अशी तफावत निघाली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. वरचे ४० नळ म्हणजे नोंद नसलेले. त्यांना आधी तोडू नका, शुल्क भरून नियमित करा. तोडलेला नळ रात्री पुन्हा जोडला जातो. खाजगी नळ असलेल्यांना विशेष पाणीपट्टी लागू आहे ना, ते तपासा. थकबाकीदारांना ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२९ प्रमाणे आधी मागणीचं बिल, मग मागणी लेख. त्यानंतर लोकअदालतीत दाखलपूर्व प्रकरणं ठेवली की बरीच रक्कम तडजोडीत येते. सुगीनंतर, कपाशी-मका विकल्यावर, डिसेंबर-जानेवारीत वसुलीला निघा. मार्चमध्ये सगळेच मागायला येतात.

टीसीएलबद्दल दोनच गोष्टी, पण त्या चुकतात. १,००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे तुमच्या टाकीला अर्धा किलो. हे ३३ टक्के क्लोरिन असलेल्या पावडरला लागू. खानदेशातल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत उघडी गोणी ठेवली की ती २० टक्क्यांवर येते, मग तेवढ्याच पाण्याला ८२५ ग्रॅम लागतात. २० च्या खाली गेलेली पावडर वापरू नये. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत घाला, अर्धा तास थांबून मग सोडा. ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरिन किती उरलंय ते दाखवणारी चाचणी) टाकीखालच्या नळावर करू नका, गावातल्या शेवटच्या घरात करा. तिथे ०.२ पीपीएम आलं पाहिजे. आरोग्य विभागाच्या पाहणीत लाल किंवा पिवळं कार्ड बहुतेक वेळा याच कारणाने मिळतं.

या सगळ्याला एक वही लागते. टाकीजवळ दोरीला बांधलेली, रोज एक ओळ: पंप सुरू केव्हा, बंद केव्हा, व्होल्ट, अँपिअर, मीटरचे युनिट, विहिरीची पातळी, टाकी किती भरली, कोणत्या भागाला सोडलं, टीसीएल किती, ओटी किती. माणूस तीन दिवस लिहितो आणि चौथ्या दिवशी सोडतो. म्हणून दर सोमवारी वही तुमच्या टेबलावर यायला हवी आणि तिच्यावर तुमची सही. पंधरा दिवसांच्या नोंदी हातात असल्या की पंचायत समितीच्या उपअभियंत्याशी किंवा महावितरणशी बोलणं बदलतं. "वीज नसते" असं सांगण्यापेक्षा "पंधरा दिवसांत ६२ तास मिळाली, त्यातले २० तास ३५० व्होल्टच्या खाली" असं सांगता येतं.

सातपुड्यातल्या धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांना वरचं बरंचसं लागू नाही. वीस-पंचवीस घरांच्या पाड्याला विंधन विहिरीवरचा सौर दुहेरी पंप (हातपंप आणि सौरपंप एकत्र) आणि छोटी टाकी हेच योग्य. तिथे बिल नसतं; पॅनलवरची धूळ, तुटलेल्या तोट्या आणि पावसाळ्यात बंद पडलेला कंट्रोलर हीच दुखणी. ती पेसाच्या (आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्याच्या) ५ टक्के निधीतून भागतात, ग्रामसभेने तसं ठरवलं तर.

शेवटी तुमच्या १५ एचपीकडे. विहिरीतलं पाणी जमिनीखाली १८ मीटर, टाकीपर्यंतचा चढ १२, टाकीची उंची १५, असे मिळून ४५ मीटर धरले आहेत. १० एचपीला पाइपातलं घर्षण सुमारे १४ मीटर पडतं, म्हणजे पाणी आणखी १४ मीटर उंच चढवण्याइतकं जादा ओझं. १५ एचपी लावून सेकंदाला ६.९ ऐवजी ९.५ लिटर ढकलायला गेलात तर त्याच ११० मिलिमीटरच्या पाइपात घर्षण २५ मीटरच्या जवळ जातं. पाणी वाढेल ३८ टक्के, वीज लागेल दीडपटीहून जास्त. विहिरीच्या काठावर पाइपमधला दाब ४१ मीटरवरून ५२ वर जाईल. ६ किलो दाबाचा पाइप ६० मीटर सोसतो, पण चालू पंपाची वीज अचानक गेली की उलट येणारा धक्का त्याच्या वर जातो आणि सांधे उघडतात. मे महिन्याचं मोजमाप घेऊन विहिरीला पाणी आहे असं निघालं, लाइन गावठाणवर आली आणि तरीही तास कमी पडले, तर पैसा पाइपात घाला. १४० मिलिमीटरच्या पाइपात तेच ९.५ लिटर जाताना घर्षण ७ ते ८ मीटरच पडतं. आणि तेव्हाही १२.५ एचपीचा पंप पुरतो.